सावलीतला

आईला साठ पूर्ण झाली त्या आठवड्यात
मी आ कोरुन्यात टेबल राखून ठेवलं होतं,
चार महिने आधी, कार्डाचा नंबर देऊन.
आईनं बाप्तिस्म्यांना घालायचा निळा कोट घातला
आणि नखं घासली, आधी साबणानं, मग लिंबानं.
तरी कडेची काळी रेघ राहिलीच.
चाळीस वर्षं खडक खरवडलेल्या बाईची रेघ ती,
साबणाला दाद देते थोडीच.

आत इतकं शांत, की वाटलं कोणी वारलंय.
पाणीसुद्धा तीन प्रकारचं, निवडा म्हणाले.
आई म्हणाली, "ओलं असेल ते द्या."
वाढणारा पोरगा हसला नाही.
न हसण्याचाही त्याला पगार असावा.

मग बशा.
केवढ्या बशा! परातीएवढ्या,
आणि मधोमध, विहिरीत पडलेल्या नाण्यासारखं
काहीतरी.
काचेच्या झाकणाखाली धूर होता.
झाकण उचललं, धूर गेला, पदार्थ संपला.
एक फेस होता, त्याचं नाव बटाटा.
आईनं पाव मागितला.
पाव पाचव्या बशीनंतर येतो, पोरगा म्हणाला,
तो स्वतंत्र पदार्थ आहे.
आईनं हात परत मांडीवर ठेवले.
दाढेला लागेल असं अजून काही आलं नव्हतं.

सातव्या बशीत दगड होता.
काळा, गुळगुळीत, कोमट केलेला.
त्याच्यावर पर्सेबे.
एक.

म्हाताऱ्या सरड्याच्या बोटासारखा दिसतो हा जीव.
लाट फुटते नेमका तिथंच खडकाला धरतो,
आणि लाट मागं सरते तेवढ्या वेळात,
सात-आठ श्वासांत,
उचकटून काढावा लागतो.
माझं कॉलेज आईनं असंच उचकटून काढलं,
किलोकिलोनं.

पोरगा हात मागे बांधून सांगू लागला:
पहाटेच्या अंधारात, मृत्यूच्या किनाऱ्यावर,
कमरेला दोर बांधून एक बाई
जिवावर उदार होते या एका घासासाठी…
पाठ केलेलं होतं, पण बरं म्हणत होता.
आई मन लावून ऐकत होती,
रविवारी पाद्रीचं ऐकते तशी, मान थोडी कलती.
त्याचं संपल्यावर विचारलं,
"नाव काय तिचं?"

विचारून येतो, म्हणाला.
आला नाही.
पुढची बशी दुसऱ्यानंच आणली.

त्यांनी दिलेला चांदीचा चिमटा आईनं बाजूला सारला,
अंगठ्याचं नख रुतवलं, मुरगाळलं,
खारी पिचकारी उडाली थेट पांढऱ्या टेबलक्लॉथवर.
चावली. थांबली.
"सावलीतला आहे," म्हणाली, हळू,
त्याची चारचौघांत शोभा होऊ नये म्हणून.
"लांबट. पाणचट.
लाट लागत नाही तिथला.
याला दोर कशाला?
बूट भिजत नाहीत."

राहिलेल्या पाच बशा कशा गेल्या, आठवत नाही.
एकीत फूल होतं, ते आईनं खाल्लं नाही.
बिल लाकडी पेटीत घालून आणलं.
आकडा सांगत नाही.
नाताळच्या भावानं, तीन ओहोट्यांची कमाई.
आईनं बिलाकडे पाहिलं नाही,
पेटी मात्र मागून घेतली,
बटणं ठेवायला.

गाडीत म्हणाली, "छान होतं गं."
मी म्हटलं, "हो."
पुढचे साठ किलोमीटर
गाडीचा वायपर बोलत होता.

पहाटे पाचला जिन्यातून ऐकू आलं,
फोन खांद्यात धरून बूट ओढत होती:
"अगं एरुंदीना, दिवे काय, बशा काय!
पोरीनं हौस केली."
मग बराच वेळ नुसतीच ऐकत राहिली.
"एकच. हो, एकच.
नाही गं, आपल्याकडचा नव्हता."
मग फ्रीज उघडल्याचा आवाज,
कालचा पाव मोडल्याचा आवाज.
"निघाले," म्हणाली, भरल्या तोंडानं.
"दोर तू आण."