हरकत असल्यास कळवावी

धनकवडी, तिसरा मजला, एप्रिल.
स्वारगेट डेपो बंद.
गाड्यांखाली झोपून ज्यांची पाठ घडली
ते आमचे हे, घरात उताणे, पंख्याकडे बघत.
चौथ्या दिवशी पंखा उतरवला.
सहाव्या दिवशी चालू मिक्सर खोलला.
आठव्या दिवशी मी म्हटलं, आता माझ्याकडे बघू नका,
त्या रंगाच्या बादल्यांना भोकं पाडून द्या.

गॅसवर लाल केलेला स्क्रूड्रायव्हर.
जळक्या प्लास्टिकचा वास दोन दिवस वरणाला.

माती सोसायटीच्याच कोपऱ्यातली,
अंधार पडल्यावर, घमेल्यातून, तोंड बांधून.
चोरांसारखे दिसत होतो,
पण तेव्हा सगळेच तसे दिसत होते.

धने चपलेनं रगडले, एकेकाचे दोन.
मेथी मिसळणाच्या डब्यातली, सोबत चुकून मोहरी.
लेकीची शाळा मोबाइलवर:
कॅमेरा बंद, हजर म्हणते, हात कोपरापर्यंत मातीत.
दहाच्या आत दूध. मग दिवसभर काहीच नाही.
तळजाईवरचा मोर भर दुपारी ओरडतो,
त्याला जणू पास मिळालाय.

खाली दुसऱ्या मजल्यावर शिळीमकर.
वॉचमनच्या टेबलावरच्या वहीत त्यांचं अक्षर,
टपोरं, तिरकं, रेघेला चिकटून:
“वरून पाणी गळते. वेळ तिसरी.”
“वरून पाणी गळते. चादर ओली. वेळ सातवी.”
मी बादल्यांखाली ताटल्या ठेवल्या. ताटल्या भरून वाहिल्या.
वेळ अकरावी.

मग एका पहाटे जिन्यात पांढरे पोशाख.
आधी वहिनी, हातात पिशवी, पिशवीत चार्जर आणि पोथी,
मागून ते, कुलूप दोनदा ओढून बघत.
दुपारपर्यंत दारावर पत्रा ठोकला गेला.
त्या ठोक्यांनी आमच्या फडताळातले पेले वाजत होते.

वहिनींची बाल्कनी वरून दिसते.
ओवा, कुंडीत जुनं टमरेल,
आणि घोसाळ्याचा वेल, वीतभर, मान टाकलेला.
मे महिना.
मी पाइप ग्रिलमधून खाली सोडला.
आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम.

पण मन खायला लागलं.
खाली गेले, हात सॅनिटायझरनं चोळून वहीत लिहिलं:
“रोज सकाळी खाली पाणी सोडत आहे.
हरकत असल्यास कळवावी.”
वॉचमन म्हणाला, कोण कळवणार, ताई?
मी तारीख घातली.

वेलाला आधार हवा म्हणून ह्यांनी क्लचची जुनी वायर सोडली,
टोकाला नट बांधून, ओळंबा धरावा तशी.
आठवडाभर वेल संशयानं तिच्या आसपास फिरला,
मग एका रात्रीत तीन वेढे.
जूनमध्ये आमच्या ग्रिलवर पिवळं फूल.
मूळ त्यांचं, फळ आमच्याकडे.
पहिल्या घोसाळ्याची भजी केली
आणि तिघांपैकी कोणीच दुसरं भजं पटकन उचललं नाही.

बालेवाडीहून बातमी आली ती फोनवर, अर्धी.
उरलेली अर्धी आम्ही विचारली नाही.

पत्रा निघाला तेव्हा मोठा आवाज झाला.
त्यानंतर दोन दिवस खालून काही नाही,
कुकरसुद्धा नाही.
पाइप हातात घेऊन मी उभी, सोडू की नको.
तिसऱ्या दिवशी वहीत माझ्या ओळीखाली
अक्षर तेच, रेघ मात्र सुटलेली:
“हरकत नाही. सातच्या आत सोडावे.”

मी सहालाच उठले.
बाल्कनीत ते होते, बनियनवर, वर बघत.
वेलाकडे बघत होते की माझ्याकडे, कळेना.
मास्क नव्हता. दाढी पांढरी वाढलेली.
म्हणाले, हे घोसाळं तोडायचं कधी असतं?
हिनं कधी सांगितलं नाही.

मी म्हटलं, कोवळं असतानाच.
उद्यापर्यंत राहिलं तर शिरा धरतात.

ते आत गेले.
भांड्यांचा आवाज, एक खण उघडला, दुसरा उघडला.
सुरी सापडेपर्यंत मी पाणी धरून ठेवलं.