कापूस घालू नकोस

शिवकांता, तुझा फोन आला तेव्हा
मी मानवतला, जिनिंगवर, गंजीपुढं उभा होतो.
जानेवारी असून दुपारी पत्रा तापलेला,
टेम्पोतून कपाशी उतरायलेली,
आणि तू म्युनिकहून विचारतेस,
"मामा, बर्फावर जायचंय. किती लागतील?
आणि मरणार तर नाही ना?"

याच क्रमानं विचारलंस,
म्हणजे आपल्याच घरची आहेस.

आधी पैसे.
फेब्रुवारीत त्यांच्या शाळांना सुट्ट्या लागायच्या आत जाऊन ये,
नाहीतर पोळ्याच्या आदल्या दिवशी
झुलीचा भाव विचारल्यासारखं होईल.
खोली डोंगरावर नको, खालच्या गावात घे.
सकाळी बस वर नेते, पुष्कळदा फुकट.
स्की भाड्यानं घे. बूट मात्र दुकानातच
घालून बस थोडा वेळ. उभं राहिलं की अंगठा टेकावा,
गुडघा वाकवला की मागं सरावा.
बूट चुकला की सगळा डोंगर चुकतो.
अख्ख्या डोंगराचा पास काढू नकोस,
पहिले दोन दिवस लेकरांचाच उतार पुरेल तुला.
चार वर्षांची पोरं बाजूनं सर्रकन जातील.
जाऊ दे.
वर सूपला जे मोजून घेतात
त्यात इथं आठवड्याची भाजी येते.
दशम्या कर, शेंगदाण्याची चटणी ने.
पिशवीत ठेवलीस तर दशमीचं लाकूड होतं,
जॅकेटच्या आत ठेव, पोटाशी.

शिकवणीचे पैसे वाचवू नकोस.
मी वाचवले होते;
डावं मनगट अजून आभाळ आलं की बोलतं.
विम्याचेही नको. हेलिकॉप्टर येतं ते
पाहुण्यासारखं, आणि बिल मागून येतं.

तुझ्या खाली जो आहे त्याचा हक्क पहिला.
तो वाकडा जाईल, मधेच बसेल, फोटो काढेल,
चुकवायचं तुलाच.
थांबायचं तर कडेला, उंचवट्याच्या आड कधीच नाही.
निळी वाट. फक्त निळी.
कुणी लाल वाटेवर चल म्हणालं तर म्हणावं,
तू हो पुढं, मी दशमी खाते.
आणि "शेवटची एक फेरी" असं कुणी म्हणालं
की समज, ती मघाशीच झाली.

आता ते खांबांपलीकडचं.
तिथं बर्फ कुणी मोडलेला नसतो,
मऊ, पांढरा, जाऊन निजावं असा.
गंजीही वरून अशीच दिसते.
तुला आठवत नसेल, तू पाच वर्षांची होतीस,
वरून कपाशी घसरली आणि तू दिसेनाशी झालीस.
ओरडली असशील. आम्हाला काही ऐकू आलं नाही,
हातभर अंतरावर होतो आम्ही.
मुंजाजीला एक पाय दिसला, त्यानं ओढलं.
तोंडात सरकी, नाकात तंतू,
आणि मग तुझं ते रडणं, अख्ख्या मार्केट यार्डानं ऐकलं.
तिथं मुंजाजी नाही.
रोज सकाळी ते धोक्याचा आकडा लावतात, एक ते पाच.
पाचाला कुणी जातच नाही,
माणसं तिनाला मरतात.

अजून एक. हे आजोबांना कळू देऊ नकोस,
तीन पिढ्या यावरच जेवलो आपण.
कापूस घालू नकोस.
आतून बनियन, मोजे, तुझी ती जीन्स, काहीच नको.
कापूस घाम पितो आणि धरून ठेवतो,
लिफ्टवर वारं लागलं की तोच घाम
हाडापर्यंत गार होतो.
लोकर घाल. नाहीतर ते पॉलिस्टर,
ज्याला मी इथं रोज शिव्या देतो.

फोन ठेवला तर मुंजाजी शेजारीच उभा.
"काय म्हणायली ताई?"
म्हटलं, बर्फावर चाललीय, घसरायला.
"पैसे देऊन?"
हो.
त्यानं टोपी काढून तंतू झटकले,
गंजीकडं बघत राहिला जरा वेळ.
"म्हणावं, एक पाय वर ऱ्हाऊ दे."