धाव

रविवारी रात्री साडेदहाला गाडी आली,
वणी रोडवर, आमच्या वॉशिंग सेंटरच्या रॅम्पसमोर.
अलॉय पांढरे होते म्हणे. पांढरं कुठंच दिसत नव्हतं.
रेवती गोहोकार, जिनिंगवाल्यांची धाकटी,
बंद पडलेल्या धावपट्टीवर दिवसभर गाडी पळवून आलेली.
"माणिकभाऊ, आत्ताच मारा पाणी."
मी पंजा चाकाजवळ नेला, वीतभर आधीच मागे घेतला.
म्हटलं, तापल्या डिस्कवर पाणी मारत नाही बाप्पा,
वाकडी होते. सकाळी पाहू. पाचला.

पाचलाच, कारण मे महिन्यात सातनंतर
केमिकल चाकावरच वाळतं,
अन् डाग काढता काढता आपलाच डाग बसतो.

ईस्तारीबुवा खाटेवरून उठून आले.
रात्री राखण करतात. त्याआधी चाळीस वर्षं लोहाराच्या भात्यावर,
बैलगाडीच्या चाकाला धाव चढवायचे.
"पानी काहून नाही टाकलं राती? आमी तं लालबुंद असतानीच टाकत होतो.
तवाच ते लोखंड लाकडाले आवळे."
मी काय सांगणार.
जॅक लावला, नट ढिले केले, चाक उतरवलं.

पहिलं पाणी काळं. शाम्पूचं. ते मी टबात धरलं,
नालीतून जाऊ दिलं नाही,
खालच्या डोहात पंढरी कुमऱ्याच्या म्हशी बसतात.
काळं गेलं आणि खालून नारिंगी उगवलं,
मोहरीएवढे ठिपके, हजार असतील,
हात फिरवला तर रेतीकागद.
रोजच्या पॅडची धूळ फडक्यानं जाते.
हे शर्यतीचे पॅड, ह्यांच्यात लोखंडच जास्ती;
जळता कण उडतो, लॅकरमध्ये रुततो,
आणि तिथंच बसून गंजतो.

तीन वर्षांमागं डॉक्टर निमज्यांच्या चाकांवर
मी संडासचं ॲसिड मारलं होतं.
डाग गेले. लॅकरही गेलं.
डॉक्टर अजून येतात, चाकांचा विषय काढत नाहीत,
म्हणून मला त्यांच्या गाडीचं दुसरं काही दिसत नाही.

आता ॲसिड नाही. बाटली नागपूरहून मागवतो,
महाग आहे, सडक्या अंड्यांचा वास, वरून लिंबाचा सेंट.
फवारा मारला की थांबायचं.
मिनिटभर काहीच होत नाही.
मग एकेक ठिपका जांभळा होतो, ओघळतो,
वांगं पिळल्यासारखा.
ईस्तारीबुवा दोन पावलं मागे सरले,
"हे तं रगतच होय."

वाळायच्या आत धुतलं. परत मारलं. परत धुतलं.
उरलेल्यांवर चिकणमातीची वडी, साबणपाण्यात,
न दाबता, नुसती सरकवत.
वडी करकरते तोवर लोखंड आहे.
करकर थांबली की पुढचं बोट.

आठला रेवती आली, विचारलं नाही,
टूथब्रश उचलून नटांच्या खोबणीत घुसली.
पळण्याबद्दल तिनं अक्षर काढलं नाही.
शेवटच्या वळणाआधी सगळे जिथं ब्रेक दाबतात
त्याच्या अठरा पावलं पुढं तिनं दाबला,
दीडशेवरून साठवर,
एवढंच तीन वेळा सांगितलं,
तिसऱ्यांदा अठराची वीस झाली.
बुवा ऐकत होते. म्हणाले,
"आमच्या शंकरपटात थांबवनं कोनाच्या हातात नसे, पोरी.
बैल थांबे तवा मानूस थांबे."
ती हसली, पण ब्रश क्षणभर थांबला.

चौथं चाक चढेस्तोवर साडेनऊ. ऊन रॅम्पवर.
मी सातशे सांगितले, तिनं हजार दिले,
म्हणाली पुढच्या रविवारी पुन्हा.
म्हटलं, घरी जाता जाता साधे पॅड टाक.
टाकते म्हणाली. टाकणार नाही.

दुपारी टबातलं पाणी निवळलं.
बुवांनी जुन्या स्पीकरचं चुंबक प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून
तळाशी फिरवलं.
बाहेर काढलं तर त्याला काळी लव फुटलेली,
उंदराच्या पाठीसारखी.
पन्नी उलटी केली, लव कागदावर झटकली,
चिमटीत धरून तोलली बराच वेळ.
"माणिक, याचा एक खिळा व्हाले
पोरीले किती रविवार थांबा लागन?"