गणसंख्या

संघाची घटना बावीस पानांची.
नंदुरबारला टाईप करून आणलेली.
पान नऊवर 'अध्यक्ष' मधला 'ध्य' तुटलाय,
तो तेव्हापासून तसाच.
अध्यक्ष मात्र पाच झाले.

मी चिटणीस. हात मूळचा ओळंब्याचा,
सात वर्षं झाली, पेनाचाही.

दोंडाईचा, रेल्वे फाटकाच्या अलीकडे,
हार्डवेअरच्या दुकानावरची खोली.
खाली मिरची वाळत घातलेली,
जो वर येतो तो आधी शिंकतो, मग सही करतो.
हजेरीपुस्तकात निम्म्या सह्या उडालेल्या आहेत.

कार्यकारिणीवर गवंडी सहा, सेंट्रिंगवाले चार,
फरशीचे तीन, रंगाऱ्यांचा एक
(तो एक मिळवायला त्यांनी दोन सभा बंद पाडल्या).
प्लंबर अजून निमंत्रित,
म्हणजे चहा आहे, मत नाही.
आणि सेंट्रिंगच्या प्लेटांवरून दर वर्षी तेच:
संघाच्या प्लेटा कोणाच्या साईटवर गंजतायत,
कोण सांगतो, कोण गप्प बसतो.

त्या दिवशी विषय सहावा होता. अपघात निधी.
शिरपूरच्या साईटवर धुडकू कोळी
तिसऱ्या स्लॅबवरून खाली आला होता, मार्चमध्ये,
आणि आम्ही वर्गणी काढली ती रुमालात.
रुमालाची पावती नसते.
म्हणून कलमात बसवायचं होतं.

घटनादुरुस्ती म्हटली की गणसंख्या भरलीच पाहिजे.
तहकूब सभा चालत नाही, कलम अकरा.
एकशे तेवीस सभासद, त्यांचा तिसरा हिस्सा एक्केचाळीस.
मी दोनदा मोजले.
चाळीस.

हिलालअप्पा बडगुजर, अध्यक्ष, फोन लावत बसले.
एक जण लग्नाला धरणगावला,
एक जण 'निघालोच' म्हणाला, मागून कोंबडा ओरडला.
साडेसातला सभा मोडणार होती.

ठगूबाई मालचे जिन्यात होती.
दर वर्षी असते, धुडकूच्या हाताखाली होती ती.
ती वर आली आणि टेबलावर,
घटनेच्या बावीस पानांवर,
घमेलं ठेवलं. कडेला सिमेंटची पोळी धरलेलं.

"माले बी सभासद करा."

अप्पा म्हणाले, बाई, कलम चार.
सभासद तो, ज्याच्याकडे स्वतःचं हत्यार.
"मंग हाई काय शे?"
ते भांडं.
"तुम्हनी थापी हत्यार नि मनं घमेलं भांडं?
यामा काय मी भाजी रांधस?"

कोणी हसलं नाही. पंखा फिरत होता.
युनूसभाई पिंजारी, खजिनदार, चष्मा पुसत बोलले:
हत्यार म्हणजे काय, ते घटनेत लिहिलेलं नाही.
अप्पांनी घड्याळ पाहिलं. सात अठ्ठावीस.
मग घमेल्याकडे असं पाहिलं
जसं आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.
आणि म्हणाले, फाडा पावती.

एक्कावन्न रुपये. पावती क्रमांक तीनशे बारा.
अंगठा नको म्हणाली, सही केली,
'ठ' चा गोल पुरा बंद केला.

एक्केचाळीस. ठराव सहा मंजूर, एकमताने.
खुर्च्या सरकल्या, चहा आला,
प्लंबरांनी टाळ्या वाजवल्या, तेवढा त्यांना अधिकार आहे.

इतिवृत्त लिहायला मी मागे थांबलो.
तेव्हा दिसलं.
ती आल्यावर सभासद एकशे चोवीस झाले.
त्याचा तिसरा हिस्सा
एक्केचाळीस आणि वर थोडा.
वरचा थोडा म्हणजे अख्खा एक माणूस,
म्हणजे बेचाळीस.

तीस वर्षं मी लोकांच्या भिंती
दोराभरानं वाकड्या म्हणून पाडायला लावल्यात.

खाली कोणीतरी मिरची गोळा करत होतं.
घमेल्याचा गोल डाग
पान नऊवर उठला होता, बरोब्बर 'ध्य' वर.
मी लिहिलं:
गणसंख्या पूर्ण असल्याने सभेचे कामकाज झाले.
शिंक आली.
मग सही केली.