चिरा मोजताना

आमच्या गावाचं नावच मेर्सेदेस,
तेव्हा गाड्यांतलं मला कळणारच, असं लोक धरून चालतात.
खरं म्हणजे मी चाळीस वर्षं पत्रे ठोकले,
आणि ठोकता ठोकता कुठला पत्रा कुठल्या हाडावर बसतो
ते बोटांना पाठ झालं,
इतकंच.

इर्मा बेंतांकोर मंगळवारी आली
बिस्किटांच्या डब्यात तीन फोटो घेऊन.
आजोबांची गाडी, म्हणाली, फ्रेंच होती म्हणे.
पायसांदूचा भाऊ म्हणतो इटालियन.
पैज लागलीय.

पहिल्या फोटोत, बिल्ला असतो नेमका तिथे,
रेडिएटरला टेकून एक मावशी उभी, टोपीसकट.
नव्वद वर्षं होत आली,
बाई हलायला तयार नाही.

मग भिंग काढलं. माते निवत गेला.
बॉनेटच्या चिरा मोजल्या, तेवीस.
पुन्हा मोजल्या, बावीस;
एक चीर फोटोची सुरकुती निघाली.
चाकाला सहा नट, आरे लाकडी,
दिवे खोलगट पातेल्याच्या घाटाचे.
स्टीअरिंग उजवीकडे, पण त्यावरून काय कळणार,
तेव्हा हा अख्खा देशच डाव्या अंगानं चालायचा.
फोर्ड नव्हे. फोर्ड मला अंधारात, वासावरून कळते.
आणि फ्रेंच तर नव्हेच, बाई,
हे मडगार्ड फ्रेंच माणसानं काढलं असतं
तर त्याच्या आईला लाज वाटली असती.

दुसरा फोटो नदीवरचा.
पायरीवर फोडलेलं कलिंगड, टपावर पोरं,
आजोबा जरा बाजूला, ताठ,
भर जानेवारीत काळा कोट
गळ्यापर्यंत बटणं लावून.
एवढ्या उन्हात? मी विचारलं.
घराणंच नीटनेटकं आमचं, इर्मा म्हणाली.

तिसऱ्यात गाडी अर्धीच.
फोटो काढणाऱ्याला बहुधा वासरू हवं होतं,
गाडीचं ढुंगण आपलं चुकून आलं.
टपाच्या कडेनं पितळी कठडा, बोटभर उंचीचा.
सामानाला? एवढ्याशा कठड्यात सामान राहत नाही.
खिडकी एकच, लांबच लांब, काचेवर वेल कोरलेली,
आत झालर.
आणि मागच्या दाराच्या उंबऱ्यावर
लाटण्यासारखा एक रूळ.

भिंग खाली ठेवलं.
असले रूळ मी स्वतः बसवलेत, दोनदा,
लेमोस बंधूंसाठी, चर्चमागे ज्यांचं दुकान होतं,
जिथे पोरं शिटी न वाजवता पुढून जायची.
जड पेटी एका माणसानंही आत सरकावी,
आवाज न करता,
म्हणून असतो तो रूळ.

आता हे सांगावं कसं?
वाकडा पत्रा सरळ करायला मी कधी भ्यालो नाही.
गाडी आजोबांची नव्हती, म्हणालो,
आजोबा गाडीचे होते.
रविवारी कोणी मेलं नाही
की मालक किल्ली देत असावा.
आणि मागे बसणारे, एरवी,
परत येत नसत.

तिनं डब्याचं झाकण लावलं. उघडलं.
म्हणून आई म्हणायची, गाडीत कायम फुलांचा वास.
आम्हाला वाटायचं, आजीचं अत्तर.
नदीवरून येताना सगळ्यांत धाकटी म्हणून
तिला मागे आडवी झोपवायचे.
म्हणायची,
तशी झोप पुन्हा कधी लागली नाही.

मग ती हसली की काय, मला नीट कळलं नाही.
माझी दृष्टी जवळचं बघायलाच तयार झालेली.
नवं पाणी उकळायला ठेवलं, तिनं नको म्हटलं नाही.

जाताना लेखी मागितलं, भावाला दाखवायला.
मी लिहिलं:
सांगाडा अमेरिकन, बहुधा. सव्वीस ते अठ्ठावीसच्या दरम्यानचा.
मागचं सुतारकाम इथलंच, चांगल्या हाताचं.
कंपनीचं नाव
मावशी बाजूला झाल्यास
खात्रीनं कळवीन.