शॉवर चालू आहे

ओडेन्स, डेन्मार्क. खोली तीनशे अकरा.
तू गेलीस तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.
मी न्हाणीघरात जाऊन शॉवर सोडला,
पूर्ण, गरम,
आणि दार ओढून घेतलं.
आत पाणी कोसळत राहिलं
कुणाच्याही अंगावर न पडता.

साडेपाचला मेहरेतआबसाहेबांनी दार वाजवलं.
"सेनाइत कुठाय?"
"अंघोळ करतेय."
काय सांगायचं ते आधी ठरवलं नव्हतं मी,
पण पाण्याचा आवाज होताच साक्षीला.

त्यांच्या कमरेच्या पिशवीत आमचे सात पासपोर्ट,
रबरबँड लावून.
माणूस वाईट नाही.
मागच्या खेपेला दोघं परतले नाहीत,
त्यानंतर नऊ महिने हा कुठे होता विचारलं
तर म्हणतो, दाढ दुखत होती.

सेनाइत, धावू नकोस.
पहाटे धावणारी परकी बाई लोकांच्या लक्षात राहते.
चाल.
वाटेत बेकरी उघडी असेल तर पाव घे,
हातात कागदी पिशवी असली की माणूस इथलाच वाटतो.
पुलापर्यंत दहा मिनिटं, स्टेशनपर्यंत अजून पंधरा,
तिकिटाच्या यंत्रापुढे गोंधळायला आणखी पाच धर.
ट्रॅकसूट इथेच पडलाय खुर्चीवर,
पाठीवर आपल्या देशाचं नाव, हातभर अक्षरांत.
म्हणून माझा तपकिरी स्वेटर दिला तुला.
कोपराला भोक आहे त्याच्या,
मी ओशाळले, तू हसलीस.
जाताना तेवढंच.

अस्मारात आपल्या गल्लीत टँकर गुरुवारी यायचा.
पिवळे कॅन आपल्या आधीपासून रांगेत उभे.
मी धावायला शिकले ती कुठल्या मैदानावर नाही,
त्या चढावर, दोन्ही हातांत पाणी घेऊन,
आणि सांडलं तर आई काही बोलायची नाही,
नुसती ओल्या मातीकडे बघायची.

आज मी सांडतेय.
आठवड्याचं सांडून झालं.
आता महिन्याचं चाललंय,
मग धाकट्याच्या तापातल्या घड्यांचं,
मावशीच्या बाळंतपणाचं.
आईला हे कधीच सांगणार नाही.

काल चिखलात तू एकतिसावी आलीस, मी अठ्ठावन्नावी.
तुझी पाठ मला पाठ आहे,
डावा खांदा किंचित खाली, वेणी उजवीकडे झुलणारी.
सात वर्षं तीच बघत धावले.
रात्री तू एकदाच विचारलंस, "येतेस?"
मी छताकडे बघत राहिले.

बाबांनी जामिनावर अंगठा उठवला
तेव्हा शाई तीन दिवस गेली नाही.
त्यांनी ती घासलीही नाही,
त्याच अंगठ्याने भाकरी मोडत राहिले.
तुझ्या आईनेही सही केलीय.
मला माहीत आहे, तुला तर आहेच,
आणि दिवा मालवेपर्यंत आपण दोघी
बुटांच्या खिळ्यांतली माती काडीने काढत बसलो.
बेरीज दोघींची एकच होती.
कुणाची चुकली, मला विचारू नकोस.

पाच पन्नास. पुन्हा दार.
या वेळी ते थांबले नाहीत,
सरळ आत आले, न्हाणीघर उघडलं.
वाफ बाहेर आली, आरसा आंधळा झालेला,
फरशीवर कुणाचीच ओली पावलं नाहीत.

ते बघत राहिले.
हात नळापर्यंत नेला
आणि तसाच मागे घेतला.
मग दार हळूच लोटून
तुझ्या पलंगावर येऊन बसले,
गाल तळहातात धरून, दाढेच्या बाजूने.
घड्याळाकडे बघितलं.

"फार वेळ लावते ही पोरगी अंघोळीला," म्हणाले.

मी हो म्हटलं.

बाहेर अजून उजाडलं नव्हतं.
आम्ही दोघं ऐकत बसलो.
पाणी गरमच येत होतं.