तक्त्यातला अकरा नंबर

मेहेर सिग्नलच्या अलीकडे, कोर्टाच्या भिंतीला लागून
माझं टेबल. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर,
पानाला तीस रुपये.
शपथपत्र, भाडेकरार, नावातला बदल,
आणि गेल्या दिवाळीपासून
मोक्का.

वत्सला पगारे, राहणार फुलेनगर,
दोषारोपपत्र तांदळाच्या पिशवीत घेऊन येते.
दोन हजार एकशे चार पानं.
त्यात तिचा मुलगा साडेतीन पानं.

तक्ता मधेच कुठेतरी आहे, घडी घातलेला.
वर म्होरक्या, फोटोसकट.
त्याच्याखाली बाण, बाणांखाली चौकटी,
आणि अगदी तळाला, स्टेपलच्या पिनेजवळ
अकरा नंबर: सिद्धांत पगारे, वय एकवीस,
सातपूरला प्रेस मशीनवर हेल्पर.
गाडी दिली होती त्याने. पंधरा मिनिटांसाठी.
नंतर नऊ कॉल.
'त्यातले सात तर माझी गाडी कधी देतो याचेच,'
वत्सलाबाई सांगते.
कॉलच्या यादीत वेळ असते, सेकंद असतात, टॉवर असतो.
बोलणं नसतं.

त्याच्या नावावर जुना गुन्हा एकही नाही.
चालतं. टोळीच्या नावावर आहेत.
टोळीत तो कशावरून?
तक्त्यात आहे ना.

वकीलसाहेबांनी तिला समजावलं, मी टाइप करता करता ऐकलं:
इथे आधी कोर्टाला वाटलं पाहिजे की हा निर्दोष असावा,
मग जामीन.
ते ठरणार खटल्यात.
खटला कधी, ते बोर्डावर लागेल तेव्हा.
नव्वद दिवसांचे एकशे ऐंशी करून घेतले,
आता तर मोजणंच सोडलंय तिने.
फक्त जेलरोडचा बसपास काढते.

मला विचारू नका मी कोणाच्या बाजूची.
मोक्का लागला त्या दिवशी
रविवार कारंजावरून अर्धा किलो पेढे आणून मी वाटले होते.
पेठ रोडला त्या रात्री जो कोयता फिरला
तो माझ्या भाच्याच्या मनगटावर बसला.
इडलीची गाडी लावायचा तन्मय. हप्ता दिला नाही, इतकंच.
दोन बोटं अजून मिटत नाहीत त्याची,
चहाचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरतो,
थंडी वाजत असल्यासारखा.
पेपरात फोटो आला: बुरखे घातलेले, गुडघ्यांवर बसवलेले.
मी मोजले नाहीत. कशाला मोजू?

ओळखपरेडवरून आल्यावर तन्मय म्हणाला, पाच होते.
आणि बाकीचे सहा रे?
'मावशी, अंधार होता.'
मग जेवला. मीही पुन्हा विचारलं नाही.

परवा वत्सलाबाईने हळूच विचारलं,
'तो टोळी शब्द काढता येईल का हो?'
नाही येत. कलमातच आहे तो,
काढला तर अर्ज कशाविरुद्ध करायचा?
वकिलांच्या मशीनवर माझा जुना फॉन्ट नीट उघडत नाही,
ळ दिसत नाही त्यात.
टो, मग एक रिकामी चौकट, मग वेलांटी.
स्क्रीनवर बोट ठेवून ती म्हणाली,
'इथे कोणाला घालणार आहेत?'

त्यावर मला हसू आलं,
आणि मग आलेलं हसू कुठे ठेवावं कळेना.

या महिन्यात तिचे मला चौदा कॉल.
तारीख लागली का, प्रिंट झाली का, येऊ का.
एकदा नुसतीच रडली, तीन मिनिटं वीस सेकंद.
टॉवर भद्रकालीचा दाखवेल.
तन्मयला मी यातलं काही सांगितलेलं नाही.

अर्ज पाच पानांचा झाला. दीडशे रुपये.
तिने पदराची गाठ सोडली,
मी शंभर घेतले, पन्नास राहू दे म्हटलं.
असं पैसे सोडण्याला या कायद्यात काय म्हणतात
ते मला पाठ आहे.
पानाला तीस रुपये घेऊन
मीच टाइप करते.